ऑक्टोबरात पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, रोम: कपडे १५ किलोत कसे बसवायचे?

रंकाळा_संध्यामठ

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात १७ ते २९ आम्ही चौघं युरोपला निघालोय. पॅरिस ४ रात्री, ॲमस्टरडॅम २, प्राग ३, रोम ३. सगळी शहरंच, बर्फाचा डोंगर एकही नाही. मी, नवरा, सासूबाई (वय ६३, रोज साडी) आणि सासरे (वय ६८, गुडघे दुखतात). टूर कंपनी नाही, त्यामुळं बॅगा आपल्याच हातानं ओढायच्या.

अडचण वजनाची आहे. मुंबईपासून पुढच्या तिकिटावर माणशी २३ किलो आहेत, पण कोल्हापूर-मुंबई तिकीट वेगळं काढलंय आणि त्यावर चेक-इन १५ किलो, हातात ७. म्हणजे हिशेब १५ चाच. शिवाय ॲमस्टरडॅम-प्राग आणि प्राग-रोम ही दोन्ही स्वस्तातली विमानं.

घरात काय आहे: हातानं विणलेले दोन जाड स्वेटर, दुचाकीवरचे रेनकोट, माणशी दोन-तीन जीन्स, सुती कुर्ते आणि टी-शर्ट ढीगभर, सासऱ्यांची कानटोपी आणि मफलर.

विचारायचंय ते असं. जाड स्वेटर न्यावा की थर्मल घ्यावं? रेनकोट आहे तोच चालेल का? सासूबाई पंजाबी ड्रेस घालणार नाहीत, तर साडीवर थंडी-पाऊस कसा सांभाळायचा? आणि बूट कसले? सासरे म्हणतात कोल्हापुरी नेतो. "उबदार कपडे घ्या, आरामदायी बूट घ्या" हे सगळीकडं वाचून झालंय. आकड्यांत सांगितलंत तर उपकार होतील.

ताराराणी_चौक

ताई, आधी हवा बघा, मग कपाट उघडा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात साधारण असं धरा: पॅरिस दिवसा १५ अंश, पहाटे ९. ॲमस्टरडॅम १४ आणि ८. प्राग १३ आणि ५, एखादी पहाट शून्याच्या आसपास. रोम २१-२२ आणि १२. म्हणजे एकाच बॅगेत दोन ऋतू आहेत आणि रोम शेवटी येतंय.

तिथली थंडी नुसत्या अंशांवर जात नाही. ८ अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ती ४ अंशांसारखी लागते, आणि ॲमस्टरडॅमला तसा वारा ही नेहमीची गोष्ट आहे. उलट मेट्रो, म्युझियम, दुकानं आतून २०-२२ अंशांवर ठेवलेली असतात. दिवसातून आठ-दहा वेळा तुम्ही या दोन हवांमध्ये आत-बाहेर करणार. जाड विणीचा स्वेटर दोन्हीकडं फसतो. बाहेर त्याच्या विणीतून वारा आरपार जातो आणि आत गेल्यावर घाम फुटतो. काढला तर हातात ९०० ग्रॅमचं बोचकं. तेव्हा स्वेटर घरी ठेवा.

तीन थर करा. अंगाला चिकटून पातळ थर, त्यावर हवा धरून ठेवणारा फ्लीस (पॉलिस्टरच्या मऊ, केसाळ कापडाचा), सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं पातळ जॅकेट. वरचं जॅकेट ऊब देण्यासाठी नसतं, आतल्या दोघांनी धरलेली ऊब वाऱ्यानं पळू नये म्हणून असतं. म्हणून ते घेताना दुकानात फ्लीस अंगात घालूनच मापून बघा. आपल्या नेहमीच्या मापाचं घेतलं तर आत फ्लीस दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि ऊबही जाते.

एका माणसाचं वजन मांडून देतो:

वरचे कपडे ५ (शर्ट, टी-शर्ट, कुर्ती): १००० ग्रॅम
पँट २: ९००
फ्लीस १: ३५०
वॉटरप्रूफ जॅकेट १: ४००
पातळ पॅडेड जॅकेट १: ३५०
थर्मल, वरचे २ आणि खालचं १: ४८०
आतले कपडे ७ जोड: ४२०
मोजे ५ जोड: २५०
रात्रीचे कपडे: ४००
टोपी, हातमोजे, स्कार्फ: २५०

बेरीज ४ किलो ८००. रिकामी मधली बॅग ३ ते साडेतीन किलो. औषधं, साबण, चार्जर यांना दीड-दोन किलो. म्हणजे १० च्या आसपास थांबता, आणि यातले एक पँट-शर्ट, फ्लीस, जॅकेट विमानात अंगावरच असणार. पंधरा किलो म्हणजे अडचण नव्हे, चैन आहे.

प्रत्येक दिवसाला एक ड्रेस हा हिशेब मात्र सोडायचा. १२ दिवस १२ ड्रेस काढलेत की जॅकेटांना जागा राहत नाही, आणि सगळ्या फोटोंत दिसणार आहे ते जॅकेटच.

इचलकरंजी_सूत

वरचा हिशेब बरोबर आहे. फक्त कापड कुठलं यावर बोलतो, कारण ४८० ग्रॅम थर्मल म्हटलं तरी सुती आणि लोकरीत जमीन-अस्मानाचा फरक.

सूत साध्या हवेतच वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून असतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. लोकर १६ टक्क्यांपर्यंत धरते, पण तंतूच्या आत. बाहेरून हाताला कोरडी लागते. सुती बनियन घामानं भिजलं की पाठीला चिकटतं आणि बाहेरच्या ८ अंशांत ते पाणी उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. आपल्याकडं मे महिन्यात सूत सुखाचं वाटतं ते याच गुणामुळं. तिथं तोच गुण उलटतो. आमच्या गावचा धंदाच सुताचा आहे, तरी सांगतो: या सहलीत सूत फक्त झोपायच्या कपड्यांत आणि रोममधल्या एका शर्टात ठेवा.

थर्मल घेताना लेबल वाचा. बाजारात "थर्मल" म्हणून मिळणारं पांढरं-करडं जाड बनियन बरेचदा सूत-पॉलिस्टर मिश्रणाचं असतं आणि आतून खरवडून मऊ केलेलं. घरात बसायला छान, चालायला नाही. पॉलिस्टर-इलास्टेनचं पातळ घ्या, किंवा परवडत असेल तर मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचं १५० ते २०० जीएसएम (म्हणजे कापडाचं चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन). मेरिनोचा फायदा असा की तीन दिवस घातलं तरी वास धरत नाही. पॉलिस्टर एका दिवसात धरतं. तोटा म्हणजे गरम पाण्यात धुतलं, पिळलं, घासलं की आटतं. सासरे-सासूबाईंना एकेक मेरिनो आणि तुम्हा दोघांना पॉलिस्टर, हा वाटेल तितका महाग सौदा नाही.

जीन्स. १४ औंसाचं डेनिम म्हणजे चौरस मीटरला साधारण ४७५ ग्रॅम. एक पँट सात-आठशे ग्रॅम, भिजली की हॉटेलच्या खोलीत दोन दिवस वाळत नाही. माणशी एक, तीही विमानात अंगावर. दुसरी पँट पॉलिस्टर-व्हिस्कोसची, २-३ टक्के लायक्रा असलेली. ऑफिसला घालतात तसलं सुटिंगचं कापडच, पण जरा सैल शिवलेलं, म्हणजे आत थर्मल जातं. रात्री धुतली तर बहुतेक वेळा सकाळी घालता येते, इस्त्रीही लागत नाही.

रेनकोटबद्दल. दुचाकीचा रेनकोट पीव्हीसीचा किंवा रबराच्या थराचा असतो. पाणी शंभर टक्के अडवतो, आणि आतला घामही शंभर टक्के अडवतो. गाडीवर वीस मिनिटांचं काम म्हणून चालतं. दिवसभर चालताना तासाभरात आतून भिजता आणि मग कळत नाही की गळतोय की आपणच. शिवाय वजन किलोभर. जॅकेट घेताना दोन गोष्टी: पाणी अडवण्याचा आकडा (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं तो) १०,००० मिलिमीटर असावा, निदान ५,००० च्या खाली नको, आणि आतून प्रत्येक शिवणीवर टेप मारलेली असावी. आकडा मोठा आणि टेप नाही, असं जॅकेट खांद्याच्या शिवणीतूनच गळतं. "वॉटर रेझिस्टंट" म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे, रिमझिमीत पंधरा मिनिटं निभावतं इतकंच. विकत आणल्यावर बाथरूममध्ये हँगरला लावा आणि खांद्यावर, चेनवर मगानं पाणी ओता. जे काय कळायचं ते इथंच कळू दे.

आणि ते जॅकेट कधीही फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुऊ नका. वरच्या कापडावर पाण्याचे थेंब घरंगळून जावेत म्हणून जो मुलामा असतो तो मारला जातो आणि कापड पाणी प्यायला लागतं.

पायताण_पारखी

कपड्यांवर एवढं लिहून झालं, पण या चार शहरांत सहल बिघडते ती पायांमुळं. म्युझियमचे मजले आणि मेट्रोतले बोळ धरले तर दिवसाला १२ ते १५ किलोमीटर सहज होतात. पॅरिसच्या मेट्रोत पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नाही, जिनेच आहेत. रोमच्या जुन्या भागात काळ्या दगडाचे चौकोनी ठोकळे, त्यांना सांपिएत्रिनी म्हणतात. फटी मोठ्या, पावसात गुळगुळीत. प्रागचे फुटपाथ छोट्या दगडांच्या नक्षीचे, तेही ओले झाले की निसरडे.

सासऱ्यांची कोल्हापुरी घरीच राहू दे. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं, तळही कातड्याचा आणि शिलाईही कातड्याच्या वादीची. पाणी लागलं की तळ फुगतो, वादी सैल पडते, आणि वाळताना तळ वाकडा होतो. घासून गुळगुळीत झालेला तळ ओल्या दगडावर धरत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला टाचेखाली गादी नाही हे वेगळंच. २०२५ साली मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीच्या घाटाची पायताणं चालली म्हणून सगळ्यांना हुरूप आलाय खरा, पण तो रॅम्प कोरडा होता.

बूट असे बघा. तळ रबराचा, नखानं दाबला तर किंचित दबणारा, खाली खाचा असलेला. कडक चकचकीत प्लास्टिकसारखा तळ ओल्या दगडावर घसरतो, दिसायला कितीही दणकट असो. मधोमध धरून वाकवला तर बोटांपाशी वाकावा. मध्यावर दुमडत असेल तर टाच आणि पोटऱ्या दुखणार. खरेदीला संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. न्यायचे तेच मोजे घालून मापा, आणि पुढं अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडा. विमानात पाय सुजतात, आणि उतारावर बोटं पुढं आदळतात. घेतल्यावर निदान तीन आठवडे रोज वापरा: रंकाळ्याला फेरी, जोतिबाच्या पायऱ्या. नवे बूट पॅरिसमध्ये पहिल्यांदा घालायचे म्हणजे दुसऱ्या दिवशी फोड ठरलेला.

एक धोका फारसा कुणी सांगत नाही. कपाटात तीन-चार वर्षं पडून असलेले "नव्यासारखे" बूट नेऊ नका. त्यांच्या तळात पॉलियुरेथेन असेल तर हवेतल्या दमटपणानं ते आतून कुजतं. वरून काही दिसत नाही, आणि वापरायला काढल्यावर तळाचे तुकडे पडतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे लवकर होतं. टाचेपाशी अंगठ्यानं जोरात दाबून बघा. भेग पडली, भुगा निघाला तर टाकून द्या.

बूट एकच जोड, तो पायात. दुसरा जोड म्हणून बॅगेत ८०० ग्रॅमचा बूट न्यायची गरज नाही, हॉटेलात घालायला २०० ग्रॅमची रबरी चप्पल पुरे. बूट भिजला तर आतली गादी काढायची आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोन तासांनी बदलायचे. हीटरवर ठेवायचा नाही, डिंक सुटतो. मोजे सुती नकोत, फोड येतो तो ओल्या सुती मोज्यानं.

गडहिंग्लजची_लेक

सासूबाईंच्या साडीबद्दल लिहिते, कारण "पँट घाला की" म्हणणाऱ्यांना उत्तर सापडत नाही. साडी चालते. फक्त तिची खालची चार बोटं आणि आतला भाग बदलायचा.

साड्या चार पुरेत: तीन जॉर्जेट किंवा क्रेप, एक जरा बरी. प्रत्येकी साडेतीनशे-चारशे ग्रॅम. सुती साडी आणि रेशमी साडी दोन्ही नकोत. सुती साडीचा काठ ओल्या रस्त्यावरचं पाणी वातीसारखं वर ओढतो, अर्ध्या तासात पोटरीपर्यंत ओल येते. रेशमाला पाण्याचे डाग पडतात आणि वजन दुप्पट. साडी घोट्याच्या वर दोन-अडीच इंच नेसायची. बुटावर ती तशीच बरी दिसते, भिजत नाही, आणि मुख्य म्हणजे सरकत्या जिन्यात अडकत नाही. मेट्रोत सरकते जिने पदोपदी आहेत. जिन्यावर चढताना निऱ्या डाव्या हातात धरायच्या आणि उतरायच्या टोकाला पाऊल उचलून टाकायचं, हे त्यांना इथंच एखाद्या मॉलमध्ये दोनदा करून दाखवा.

आत थर्मल लेगिंग, त्यावर सुती परकर. सूत इथं चालतं, कारण परकर अंगाला चिकटून नसतो. हीटरच्या कोरड्या हवेत नायलॉनचा परकर आणि पॉलिस्टरची साडी एकमेकांना घासून वीज धरतात, साडी पायांना लपेटते आणि पाऊल अडखळतं. परकर सुती असला की ही कटकट बरीच कमी होते. नाडीची गाठ थर्मलवर येते तिथं वळ उठतो, म्हणून नाडी रुंद, पट्टीसारखी घालून घ्या.

ब्लाऊजखाली पूर्ण बाह्यांचं थर्मल घालायचं तर ब्लाऊज दीड-दोन इंच सैल लागतो. शिंप्याला बाजूची शिवण उसवून द्या. माया ठेवलेली असेल तर होतं. नाहीतर लोकरीचे विणलेले, पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज मिळतात, दोन आणा. पदर आधी अंगाभोवती घेऊन कमरेला खोचायचा, मग फ्लीस, मग जॅकेट. पदर जॅकेटच्या बाहेर ठेवला की तो भिजतो, वाऱ्यावर उडतो, मेट्रोच्या दारात सापडतो. जॅकेट मांडीच्या मध्यापर्यंत लांब घ्या. कमरेपर्यंतचं घेतलं तर त्यावरून ओघळणारं पाणी थेट निऱ्यांवर.

दागिने: मंगळसूत्र पातळ, कपड्यांच्या आत. साज, पाटल्या घरी. परतताना कस्टमला उत्तरं देत बसायची वेळ नको, आणि गर्दीच्या बसमध्ये सारखा हात गळ्याकडं जातो तो वेगळाच.

रोमसाठी शाल किंवा मोठी ओढणी प्रत्येकीच्या हातातल्या पिशवीत. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्समध्ये आणि सिस्टीन चॅपेलमध्ये खांदे उघडे, गुडघे उघडे असतील तर आत घेत नाहीत, पुरुषांच्या हाफ पँटलाही तोच नियम. सासूबाईंना अडचण नाही. तुम्हालाच रोमच्या उन्हात बिनबाह्यांचं घालावंसं वाटेल.

बिंदूचौक

समद्यांनी भारी लिवलंय. माझं थोडंच.

छत्री कुणी काढली नाही म्हणून सांगतो: ॲमस्टरडॅमला छत्री न्यायची नाय. तो पाऊस गगनबावड्यासारखा सरळ कोसळत नाय, भुरभुर असतोय पण आडवा मारतोय, आणि वारा छत्री उलटी करून काड्या मोडतोय. टोपी असलेलं जॅकेट, टोपीला दोरी आणि कपाळावर जरा पुढं आलेली कड, म्हंजे चष्म्यावर पाणी येत नाय.

चेनचे खिसे. पॅरिसची मेट्रो, रोमची ६४ नंबर बस (टर्मिनी स्टेशनवरनं व्हॅटिकनकडं जाती ती), प्रागची २२ नंबर ट्राम, हितं पाकीटमार ठरल्यालं. मागच्या खिशात काय बी ठेवायचं नाय. पँटच्या आतल्या बाजूला, पट्ट्याखाली, पासपोर्ट बसंल एवढा खिसा चेन लावून शिवून घ्यायचा. पासपोर्ट साडेबारा सेंटिमीटर लांब आणि साधारण नऊ रुंद असतोय, खिसा १५ बाय ११ चा करा. कुठल्या बी शिंप्याचं अर्ध्या तासाचं काम हाय. कापड आत पातळ सुती लावाय सांगा, टेरीकॉट लावलं तर घामानं पासपोर्ट मऊ पडतोय.

कानटोपी नेऊ द्या की सासऱ्यांना. हसत्यात लोक, पण कान, मान आन गळा एकाच वस्तूत झाकतंय, वजन शंभर ग्रॅम. फक्त चर्चमध्ये गेल्यावर काढायची. आणि प्रागच्या ज्यू वस्तीतल्या जुन्या सिनेगॉगमध्ये उलटं हाय, तिथं पुरुषांनी डोकं झाकायचं असतंय. तिथं कानटोपी चालतीय.

रंकाळा_संध्यामठ

सगळ्यांचे मनापासून आभार, वहीत उतरवून घेतेय. अजून तीन शंका. पाच शर्टांत १२ दिवस म्हणजे धुणं आलंच. हॉटेलात बादली नसते म्हणतात, मग कसं? स्वस्त विमानात हातातली बॅग केवढी चालते? आणि खरेदी कोल्हापुरात होईल का, सप्टेंबरात दुकानांत गरम कपडे दिसत नाहीत.

ताराराणी_चौक

धुणं. बादली, तांब्या काही नसतं, बेसिन असतं. बेसिनच्या बुचाचा भरवसा नको, एक चपटं रबरी बूच नेलेलं बरं. थर्मल, आतले कपडे, मोजे एवढंच रोज रात्री, कोमट पाण्यात, कपड्याच्या साबणाच्या वडीनं. पावडर आणि लिक्विड दोन्ही नकोत, सांडतात. धुतलेला कपडा हॉटेलच्या कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळा आणि त्यावर गुडघा देऊन दाबा. पाणी टॉवेलमध्ये जातं आणि वाळायचा वेळ निम्म्यावर येतो. नुसतं पिळून टांगलं तर सकाळी काखेत आणि शिवणीत ओल राहतेच. हीटरच्या भरवशावर बसू नका. पॅरिस-प्रागला ऑक्टोबरात तो चालू असेलच असं नाही, आणि रोममध्ये घरांतलं मध्यवर्ती हीटिंग नियमानुसार साधारण १ नोव्हेंबरपासून सुरू होतं. अपार्टमेंट घेतलं असेल तर तो रेडिएटर गारच असणार.

मोठं धुणं एकदाच, सहलीच्या मध्यावर. पॅरिस सोडायच्या आदल्या संध्याकाळी किंवा प्रागच्या पहिल्या दिवशी. पॅरिसमध्ये गल्लोगल्ली नाण्यांवर चालणारी लॉन्ड्री असते, पाटी "लाव्हरी" अशी. चौघांचं मिळून ७-८ किलोचं एक मशीन भरतं. धुणं आणि ड्रायर मिळून दीड तास धरा. मेरिनो आणि वॉटरप्रूफ जॅकेट त्यात टाकू नका, बाकी सगळं ४० अंशांवर.

विमान. फुकटात नेता येणारी, सीटखाली बसणारी बॅग कंपनीगणिक वेगळी. विझ एअरची ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर, ईझीजेटची ४५ बाय ३६ बाय २०. आपल्याकडची ५५ सेंटिमीटरची केबिन बॅग यात बसत नाही आणि गेटवर दंड भरावा लागतो, आधी पैसे भरण्यापेक्षा बराच जास्त. चौघांच्या मिळून दोन मोठ्या बॅगांचे पैसे तिकिटाबरोबरच भरा, आणि प्रत्येकाच्या पाठीवर ४० बाय ३० बाय २० ची मऊ सॅक. मऊ बॅग दाबून साच्यात जाते, कडक बॅग जात नाही.

म्हणजे चार मोठ्या बॅगा न्यायच्याच नाहीत, दोनच. तुमच्या दोघांची एक आणि सासू-सासऱ्यांची एक असं करू नका. प्रत्येक बॅगेत चौघांचे थोडे थोडे कपडे घाला. एक बॅग मुंबईहून पुढं अदलाबदलीत मागं राहिली तर दोन माणसं उघडी पडत नाहीत. पाठीवरच्या सॅकेत प्रत्येकाचा एक आतला जोड, एक थर्मल, औषधं. चाकं मोठी बघा. प्रागच्या दगडांवर छोटी चाकं अडकून दांडा वाकतो. ॲमस्टरडॅमच्या जुन्या हॉटेलांत जिने शिडीसारखे उभे असतात. लिफ्ट आहे का ते आधी विचारा, नसेल तर खालच्या मजल्यावरची खोली मागा.

निर्वात पिशव्या घेऊ नका. जागा वाचते, वजन तेवढंच राहतं, आणि परतताना हवा काढायला पंप नसतो.

इचलकरंजी_सूत

खरेदीवर. आपल्याकडं तिबेटी स्वेटरवाले येतात ते दिवाळीच्या सुमारास, तुम्हाला उपयोग नाही. खेळाच्या सामानाच्या मोठ्या साखळी दुकानांत फ्लीस, थर्मल, जॅकेट बाराही महिने असतात. ऑनलाइन मागवलं तरी निदान महिनाभर आधी, मापाची अदलाबदल करायला वेळ राहावा. फ्लीस १०० आणि २०० जीएसएम असा मिळतो. तुम्हा दोघांना १००, वडीलधाऱ्यांना २००. पॅडेड जॅकेट पिसांचं नको, सिंथेटिक भरणाचं घ्या: पिसं भिजली की गोळे होऊन ऊब संपते, सिंथेटिक ओलं झालं तरी थोडी ऊब राखतं. चौघांना चार घ्यायची गरजही नाही. वरच्या यादीत ताराराणी_चौकनी ते प्रत्येकाला धरलंय, पण तरुण माणसाला थर्मल, फ्लीस आणि जॅकेट यांवर ५ अंश चालताना पुरतात. सासू-सासऱ्यांना दोनच आणा.

ताराराणी_चौक

मान्य. बसून राहणाऱ्याला लागतं, चालणाऱ्याला नाही. फक्त प्रागला संध्याकाळी नदीकाठी थांबणार असाल तर एक जादा असू दे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागं जातं आणि त्यानंतर तिथं पाचच्या आतच सूर्य मावळतो.

रंकाळा_संध्यामठ

ठीक, दोन पॅडेड. शेवटचं: मफलर आणि शाली ट्रंकेत डांबरगोळ्यांत आहेत, वास जाईल ना? आणि सासूबाई कांदा-लसूण चटणीचा डबा कपड्यांतच ठेवणार म्हणतात.

गडहिंग्लजची_लेक

डांबरगोळ्यांचा वास दोन दिवसांत जात नाही. आठवडाभर आधी काढा, सावलीत वाऱ्यावर टांगा, रोज उलटा-पालटा करा. उन्हात टाकलं तर लोकरीचा रंग उडतो. अत्तर मारून झाकायला जाऊ नका, मेट्रोच्या गरम डब्यात दोन्ही वास मिळून शेजारचा उठून जाईल. शाली धुण्यासारख्या असतील तर गार पाण्यात शाम्पू घालून एकदा काढा, आडव्या वाळवा.

चटणी न्या, पण डब्यात नको. तेल सुटतं आणि झाकणाच्या फिरकीतून बाहेर येतं, विमानाच्या पोटात दाब कमी-जास्त होतो तेव्हा तर हमखास. फिरकीच्या बरणीच्या तोंडावर प्लास्टिकची पातळ फिल्म, त्यावर झाकण, झाकणाभोवती चिकटपट्टी, मग दोन चेनच्या पिशव्या एकात एक. पाव किलो पुरे. कपड्यांत न ठेवता रबरी चपलांच्या पिशवीत ठेवा, गळली तरी चप्पल धुता येते. हळद-तिखटाचा तेलकट डाग फ्लीसमधून तिथल्या साबणानं निघत नाही. तूप, पेढे, खवा मात्र काढून ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, सापडले तर विमानतळावरच टाकून देतात.

बिंदूचौक

आन ताई, निघायच्या आदल्या राती वजन कराय बसू नका, चार दिवस आधी करा. हातात धरायचा लगेजचा काटा नसंल तर बाथरूमच्या काट्यावर आधी बॅग घेऊन उभं ऱ्हावा, मग बॅगेशिवाय, वजाबाकी करा. मुंबई-कोल्हापूर परतीच्या तिकिटावर पण १५ च असत्यात, म्हणून जाताना १२ च्या वर जाऊ नका.